गाभण कालवड आणि आटवलेली गाय: खुराक एकच नको

दोघीही गाभण, दोघीही दूध देत नाहीत. म्हणून बऱ्याच गोठ्यांत दोघींना एकाच गव्हाणीवर बांधून सारखंच टाकतात. घोळ इथूनच सुरू होतो.

गाईची वाढ झालेली असते. साडेचारशे किलोच्या संकरित गाईला आटवल्यावर स्वतःचं अंग सांभाळायचं आणि वासरू पोसायचं, एवढंच काम. 15-20 किलो हिरवा चारा, 5 किलो कडबा, दीड-दोन किलो खुराक (पेंड, भरडा वगैरे) तिला पुरतो. कालवड मात्र स्वतःच अजून वाढत असते. विताना तिचं वजन थोराड गाईच्या 80-85 टक्के भरायला हवं. त्यामुळे साडेतीनशे किलोच्या कालवडीला चारा थोडा कमी (12-15 किलो हिरवा, 3 किलो कडबा) चालेल, पण खुराक 2 किलोच्या खाली नको, आणि त्यात पेंडीचा वाटा चांगला हवा. सोबत रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण.

काटा नसला तरी अंदाज निघतो. छातीचा घेर आणि खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचात मोजा. लांबी गुणिले घेर गुणिले घेर, भागिले 660. घेर 64, लांबी 56 आली तर साधारण 347 किलो.

‘वासरू मोठं होऊन अडेल’ म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत कालवडीचा खुराक तोडणं हा चुकीचा हिशोब. वासरू फारसं लहान होत नाही. कालवड मात्र खंगते, चीक कमी येतो, व्याल्यावर माजावर उशिरा येते. उलट मका-भरड्याचा मारा केला तर जननमार्गाभोवती चरबी साठून वासरू खरंच अडतं. मोठ्या वासराची धास्ती असेल तर रेतन करतानाच सहज विण्यासाठी निवडलेल्या वळूच्या वीर्याची कांडी मागावी.

शेवटच्या तीन आठवड्यांत धोकेही वेगळे. दुग्धज्वर (विण्याच्या सुमारास रक्तातलं कॅल्शियम घटून गाय बसणं) हा तिसऱ्या वेतापुढच्या गायींचा रोग; त्यांना या काळात लसूणघास आणि कॅल्शियमचं औषध पाजणं टाळावं, कारण आयतं मिळालं की हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची सवय सुस्तावते. कालवडीला दुग्धज्वर क्वचितच होतो. तिची कास सुजते, म्हणून मीठ आवरतं घ्यावं.

जागा एकच असेल तर आधी कालवडीला खुराक घालावा आणि ती संपवेपर्यंत गाय लांब बांधावी. गाय शेजारी असली की ढुशी देऊन तिचा वाटा खातेच.