चौदाव्या गुणसूत्रावरची ओसाड जागा

गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या कर्करोगात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे डॉक्टरांना बऱ्याच काळापासून ठाऊक होते. त्यामागचे धागेदोरे मात्र हाती लागत नव्हते. २००९ साली आइसलँडमधील संशोधकांनी हजारो लोकांचा डीएनए ताडून पाहिला, तेव्हा नवव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांवरील दोन जागांवर संशय गेला. डीएनए ए, सी, जी, टी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो; दोन्ही जागी धोक्याचे अक्षर आई आणि वडील या दोघांकडूनही आलेले असेल, तर कर्करोगाची शक्यता ते अक्षर अजिबात नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे ५.७ पट असते, असा त्यांचा अंदाज होता. पंचाईत अशी झाली, की चौदाव्या गुणसूत्रावरील त्या जागेच्या आसपास प्रथिन बनवणारे एकही जनुक नव्हते.

आपल्या डीएनएच्या जेमतेम दीड-दोन टक्के भागात प्रथिनांची कृती लिहिलेली असते. उरलेल्या भागाला एके काळी सर्रास ‘जंक’ म्हटले जाई, आणि या शब्दाने संशोधनाचे नुकसानच केले असे मला वाटते, कारण त्या भागातूनही हजारो आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवलेल्या प्रती, तयार होतात. त्यांपैकी २०० अक्षरांहून लांब असलेल्या आणि प्रथिन न बनवणाऱ्या रेणूंना दीर्घ नॉनकोडिंग आरएनए म्हणतात. इतर जनुके केव्हा चालू व्हावीत आणि केव्हा थांबावीत, हे ठरवण्यात त्यांतील अनेकांचा हात असतो.

असाच एक आरएनए अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील आल्बर्ट द ला शापेल यांच्या गटाला २०१२ साली त्या संशयित अक्षरापासून अवघ्या ३,२०० अक्षरांवर सापडला. पीटीसीएससी३ नावाचा हा आरएनए थायरॉइडमध्येच तयार होतो. संशयित जागी ‘सी’ असेल, तर तेथे एक नियंत्रक प्रथिन नीट बसते आणि या आरएनएचे उत्पादन वाढवते. ‘टी’ असेल, तर त्या प्रथिनाला तेथे नीट बसताच येत नाही. पॅपिलरी या प्रकारच्या थायरॉइड कर्करोगाच्या ४६ रुग्णांच्या गाठींमध्ये हा आरएनए खूपच घटलेला आढळला, आणि ‘टी’ असणाऱ्यांमध्ये ही घट सर्वाधिक होती. प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींना तो परत पुरवला, तेव्हा त्यांची वाढ मंदावली.

‘टी’ हे अक्षर असंख्य निरोगी माणसांतही असते, त्यामुळे केवळ त्यावरून कोणाला रोगी ठरवता येत नाही. मात्र गळ्याच्या गाठीतून सुईने काढलेल्या पेशी पाहूनही पॅथॉलॉजिस्टला ती साधी की कर्करोगाची हे ठामपणे सांगता येत नाही, आणि निव्वळ निदानासाठी शस्त्रक्रिया करावी लागते, अशा रुग्णांसाठी अशा प्रकारच्या आरएनएंच्या पातळ्यांचा उपयोग करता येईल का, याचा शोध आता घेतला जात आहे.