गाडी उचलली, पण दाब तोच

एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर पेललेली एसयूव्ही जागेवर उभी असताना उंची वाढवायचं बटण दाबा. कुठेतरी खालून कॉम्प्रेसर गुरगुरतो आणि गाडी उठायला लागते. बऱ्याच गाड्या उंटासारख्या आधी मागून उठतात, म्हणजे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जात नाहीत.

बघणाऱ्याला वाटतं, आत हवा ठासून भरली, दाब वाढला, आता गाडी टणक चालणार. सायकलच्या ट्यूबवरून बांधलेला हा अंदाज इथे चुकतो. चाकाजवळच्या रबरी फुग्याला (मेकॅनिक त्याला ‘बलून’ म्हणतात) जे वजन पेलायचं असतं, ते आतला दाब गुणिले क्षेत्रफळ एवढं असतं. बटण दाबल्याने गाडीचं वजन बदललं नाही, क्षेत्रफळही जवळजवळ तेवढंच आहे. मग दाब वाढेल कशाला? वाढतं ते हवेचं प्रमाण. फुग्याची रबरी बाही खालच्या दट्ट्यावर मोज्याच्या काठासारखी दुमडलेली असते. हवा आत आली की ती घडी उलगडते आणि गाडी वर जाते.

हवेची जागा वाढली की ही ‘स्प्रिंग’ खरं तर किंचित नरमच होते. तरीही सगळ्यात उंच मोडमध्ये गाडी खडखडते, आणि त्याचा दोष हवेकडे जात नाही. गाडी वर गेली म्हणजे चाक तिच्या मानाने खाली गेलं. शॉकअप (चाकाजवळचा हेलकावे शमवणारा तेलाचा दांडा) जवळजवळ पूर्ण ताणला गेला. आता खड्डा आला की चाकाला आणखी खाली उतरायला वावच उरत नाही, आणि तो धक्का थेट बसतो. शिवाय गुरुत्वमध्य वर सरकतो आणि अॅक्सलचे सांधे तिरक्या कोनात फिरतात. म्हणूनच वेग वाढला की गाडी न विचारता खाली येते. याला कटकट समजून पुन्हा पुन्हा बटण दाबणारे लोक असतात. त्यांनी गाडीचं ऐकावं.

आकडे बघायचे तर 2011 च्या जीप ग्रँड चेरोकीचे घेऊ. नेहमीच्या मोडमध्ये पोटाखाली सुमारे 205 मिलिमीटर. ऑफ-रोडच्या दोन पायऱ्या प्रत्येकी साधारण 33 मिलिमीटरने उचलतात. हायवेवर वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून गाडी सुमारे 15 मिलिमीटर बसते, आणि पार्किंगमध्ये चढ-उतार सोपी जावी म्हणून 38.

पण मला विचाराल तर या यंत्रणेची खरी करामत उंचीत नाहीच. लोखंडी स्प्रिंगचा ताठपणा ठरलेला. रिकामा ट्रक उडत जातो, भरलेला डुलत जातो, कारण पाटे तेच आणि वजन मात्र वेगळं. हवेच्या फुग्यात माणसं आणि सामान वाढलं की सेन्सर गाडी बसल्याचं ओळखतो आणि हवा भरून उंची पूर्ववत करतो. या वेळी दाब खरोखर वाढतो, आणि वजनाच्या प्रमाणात ताठपणाही. त्यामुळे गाडी एकटा ड्रायव्हर असताना आणि खचाखच भरलेली असताना जवळजवळ एकाच लयीत हलते. ‘शिवनेरी’च्या व्होल्वोत बसून पुण्याला गेलेल्यांनी हा गुण अंगावर अनुभवलाय, नाव माहीत नसलं तरी.

लँड रोव्हरने यात आणखी एक युक्ती केली. ऑफ-रोडला डाव्या-उजव्या फुग्यांना जोडणारा व्हॉल्व्ह उघडायचा. एक चाक दगडावर चढलं की त्याच्या फुग्यातली हवा पलीकडे ढकलली जाते आणि ते दुसरं चाक जमिनीवर दाबलं जातं. सुटी चाकं जुन्या अखंड अॅक्सलवर, म्हणजे एकाच दांड्याने जोडलेली असल्यासारखी वागू लागतात!

‘कम्फर्ट’ आणि ‘स्पोर्ट’ ही बटणं मात्र बरीचशी शॉकअपची. हवा गाडी पेलते, पण तिचं हेलकावणं थांबवण्याचं काम शॉकअपमधल्या तेलाचं. ते किती अडवून सोडायचं, एवढंच तिथे बदलतं.

आणि पंक्चर झालं तर जॅक लावण्याआधी मेनूमधला जॅक मोड चालू करा. नाहीतर जॅकने उचललेला कोपरा सेन्सरला ‘जास्त उंच’ वाटतो, आणि तुम्ही गाडी वर उचलत असताना ती बिचारी इमानेइतबारे त्या फुग्यातली हवा सोडत बसते.