विंडोज मारण्याआधी

कोल्हापुरात राजारामपुरी असो, शाहूपुरी असो की उद्यमनगर, संगणक दुरुस्तीच्या दुकानात ठरलेला संवाद ऐकू येतो. ‘मशीन लई स्लो झालंय, विंडोज मारून द्या.’ म्हणजे जुनं पुसून विंडोज नव्याने बसवून द्या. दुकानदार विचारतो, ‘सी ला काय ठेवायचंय का?’ उत्तर येतं, ‘काय नाही, सगळं डी ला हाय.’ झालं, मशीन टेबलावर चढतं. संध्याकाळी नवंकोरं विंडोज घेऊन गिऱ्हाईक घरी जातं आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो : डेस्कटॉपवर ‘सप्लायर हिशोब’ नावाचं फोल्डर होतं, ते कुठं गेलं?

डेस्कटॉप सी ड्राइव्हवरच, म्हणजे डिस्कच्या ज्या कप्प्यात विंडोज राहतं तिथेच, असतो. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्सही तिथेच, ‘यूजर्स’ नावाच्या फोल्डरात. ‘ॲपडेटा’ हे एक लपवलेलं फोल्डर त्याच्याच पोटात असतं आणि ब्राउझरचे बुकमार्क, साठवलेले पासवर्ड, बऱ्याच सॉफ्टवेअरची सेटिंग्ज त्यात राहतात. फॉन्ट ‘विंडोज’ फोल्डरात. म्हणजे माणसाला ‘माझं’ वाटतं त्यातला मोठा भाग त्याच्या नकळत सी ला जमत असतो, आणि विंडोज मारताना पुसला जातो तो नेमका सी.

पण मुळात विंडोज मारायची गरज आहे का? सध्या एक कारण खरं आहे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन चालत राहतं, पण सुरक्षेच्या भगदाडांवर ठिगळ लावणारे अपडेट थांबतात. वेगळी नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, सिक्युअर बूटची (मशीन सुरू होताना परकं काही शिरू न देणारी) सोय लागते, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. जुन्या मशीनवर हे नियम चुकवून विंडोज ११ बसवून देणारे भेटतात. माझं मत विचाराल तर अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवलेली बरी. पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, आवडलं नाही तर बंद करायचं. आतल्या डिस्कला धक्का लागत नाही.

‘स्लो झालंय’ हे दुसरं कारण मात्र तपासून घ्यावं. फिरती हार्डडिस्क मिनिटाला, समजा, ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचकाट्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, काट्याला सरकायला आणखी काही मिलिसेकंद. विखुरलेल्या फाइल वाचताना ही डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक ठिकाणी पोचते. एसएसडी म्हणजे चिपांवर मजकूर साठवणारी डिस्क; तिच्यात फिरणारं काहीच नसल्यामुळे ती हजारो ठिकाणी पोचते. आजचं विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल उघडतं. त्यामुळे हार्डडिस्कवर कितीही वेळा विंडोज मारा, चार महिन्यांत रड पुन्हा तीच. पैसे एसएसडीवर घाला. आणि हार्डडिस्क आजारी असेल, म्हणजे ती स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते त्यांत खराब म्हणून बदललेल्या सेक्टरांचा (डिस्कवरच्या छोट्या तुकड्यांचा) आकडा वाढत असेल, तर विंडोज मारायचा विचार सोडून आधी डेटा बाहेर काढा. मरणाऱ्या डिस्कवर पुन्हा काही लिहिणं म्हणजे तिला शेवटचा धक्का देणं.

आता ‘फॉरमॅट’ या प्रकाराकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. फाइल ठेवण्याच्या विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलची नोंद एका मुख्य तक्त्यात असते. सहसा १ केबीच्या या नोंदीत नाव, तारखा आणि ती फाइल डिस्कवर कुठून कुठपर्यंत पसरली आहे ते लिहिलेलं असतं. विंडोज बसवताना आपण ‘फॉरमॅट’ दाबतो तेव्हा होतं ते क्विक फॉरमॅट : जुना तक्ता टाकून देऊन कोरा मांडला जातो. तलाठ्याच्या दप्तरातली नोंद खोडली म्हणून बांधावरचा ऊस नाहीसा होत नाही, तसा हार्डडिस्कवरचा मजकूर जागच्या जागीच असतो. त्या जागेवर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत फाइल परत मिळवणारी सॉफ्टवेअर तो बऱ्यापैकी शोधून काढतात. म्हणून चूक लक्षात आल्या क्षणी मशीन बंद करायचं. त्यावर आणखी काही बसवायचं नाही, ते परत मिळवणारं सॉफ्टवेअरसुद्धा नाही. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून काम करायचं. जुनं मशीन विकताना हीच गोष्ट उलटी लागू होते. क्विक फॉरमॅट करून विकलेल्या हार्डडिस्कवर तुमचे पॅन, आधार, बँकेचे पीडीएफ तसेच असू शकतात. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट केला तर सगळ्या जागेवर शून्यं लिहिली जातात. त्याला तास लागतात, पण हार्डडिस्क विकायची असेल तर तोच करावा.

हा हार्डडिस्कचा जुना दिलासा एसएसडीवर चालत नाही, आणि ही गोष्ट दुकानात क्वचितच कोणी सांगतं. एसएसडीतल्या फ्लॅश पेशींवर लिहिताना मजकूर ‘पानां’मध्ये लिहिला जातो, एक पान काही केबींचं. पुसताना मात्र एकेक पान पुसता येत नाही. शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. लिहिलेल्या पानावर थेट नवीन लिहिताही येत नाही. त्यामुळे एसएसडीच्या आतला कंट्रोलर सतत आवराआवर करत असतो : कामाची पानं दुसरीकडे हलवायची, ब्लॉक पुसून मोकळा ठेवायचा. कुठली पानं आता बिनकामाची आहेत हे त्याला ऑपरेटिंग सिस्टीमने कळवावं लागतं आणि त्या आज्ञेचं नाव ट्रिम. फाइल डिलीट केली की ट्रिम जातो. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक कप्पा, फॉरमॅट केलं की सगळ्या पार्टिशनचा ट्रिम जातो. मग कंट्रोलर आपल्या सवडीने ते ब्लॉक पुसून टाकतो, आणि पुसण्याआधीच कोणी ती जागा वाचायला मागितली तरी बहुतेक एसएसडी नुसती शून्यं हातात देतात. परत मिळवण्याच्या सॉफ्टवेअरला तिथे सापडायला काही उरतच नाही. ‘भावा, रिकव्हरी मारू की’ हे वाक्य हार्डडिस्कच्या काळातलं आहे.

डी ड्राइव्हच्या भरवशाचंही तसंच. बहुतेक मशीनमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. त्यात आता एन्क्रिप्शनची, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याची, भर पडली आहे. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की विंडोज गुपचूप आतली डिस्क एन्क्रिप्ट करतं, डी सकट. रोज वापरताना पत्ताही लागत नाही, कारण डी चं कुलूप उघडायची सोय सी वरच्या विंडोजमध्येच असते. ते विंडोज पुसलं की डी समोर दिसतो पण उघडत नाही आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती की सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. पण खातं मुलीच्या शाळेच्या ईमेलवर काढलेलं आणि पासवर्ड कोणालाच आठवत नाही, असं घरोघरी चालतं. तेव्हा मशीन दुकानात न्यायच्या आधी ही की शोधून कागदावर उतरवून ठेवा. किंवा सेटिंग्जमध्ये जाऊन एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबा.

बॅकअपचा जाणकारांचा नियम तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, असा आहे. या ‘दुसऱ्या जागी’चा अर्थ कोल्हापूरला वेगळा समजावून सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी त्याच्याही वर कुठपर्यंत चढलं ते शाहूपुरी-लक्ष्मीपुरीच्या सखल भागातल्या दुकानदारांना पाठ आहे. मशीन आणि त्याच्या बॅकअपची डिस्क एकाच टेबलाच्या खालच्या खणात असेल तर कागदावर प्रती दोन, पुरासाठी एकच. एक प्रत उंचावरच्या पाहुण्यांच्या घरी जाऊ दे, नाहीतर क्लाउडवर. आणि कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून चार-पाच फाइल खरोखर उघडून बघा. कॉपीचा हिरवा पट्टा शेवटपर्यंत गेला म्हणून फाइल धड आहे असं होत नाही.

छपाईवाले, वकील, सहकारी संस्थांचे क्लार्क यांच्यासाठी एक खास सूचना : फॉन्ट. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये मजकूर साठवताना संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचाच असे. त्या जागांवर देवनागरीचे आकार चढवलेले असत. फॉन्ट आहे तोवर लग्नपत्रिका सुरेख दिसते. विंडोज नवं बसलं, फॉन्ट गेला, की त्याच फाइलीत अगम्य खुणांची रांग उमटते आणि माणूस समजतो फाइल खराब झाली. फाइलीला काही झालेलं नसतं. म्हणून फॉन्टचं फोल्डर आणि टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स, डोंगल (यूएसबीला लावायची लायसन्सची चावी) असेल तर तोही, यादीत हवेत. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुराला ही भीती नाही. तिथे ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, फॉन्ट कुठलाही असो. हिशोबवाल्यांनी टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करून (त्या मशीनवरून सोडवून) ठेवावं, म्हणजे पुढची कटकट वाचते, आणि डेटाचं फोल्डर नेमकं कुठे आहे ते टॅलीतच बघून घ्यावं. विंडोजच्या लायसन्सची काळजी सहसा नको. विंडोज ८ पासून कंपनीने विंडोज घालून दिलेल्या मशीनमध्ये लायसन्सची की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते आणि त्याच आवृत्तीचं विंडोज ती आपोआप वाचतं. लायसन्स नाही म्हणून कोणी ॲक्टिव्हेटर (लायसन्स चुकवणारा प्रोग्राम) चालवायला लागला तर हात धरा. अँटिव्हायरस बंद करून चालवायला लागणाऱ्या प्रोग्रामबद्दल आणखी काय सांगायचं?

नवं विंडोज किंवा लिनक्स बसवायला पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. त्यावर टाकायची फाइल कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यायची. लिनक्सवाले फाइलीशेजारी ६४ चिन्हांचा एक ठसा देतात, शा-२५६ नावाचा. उतरवलेल्या फाइलीचा ठसा आपल्या मशीनवर काढून दोन्ही जुळवायचे. काही जीबींच्या फाइलीत एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी ठसा पार बदलतो.

पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं की मदरबोर्डवरचं यूईएफआय (मशीन जागं करणारा प्रोग्राम) त्यातला बूटलोडर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, शोधतं, आणि एक छोटं, तात्पुरतं विंडोज थेट रॅममध्ये चढतं. ते डिस्कवर उभंच नसतं, म्हणून तर डिस्क पुसू शकतं. मग खरं विंडोज एका मोठ्या आवळलेल्या प्रतिमेतून डिस्कवर उलगडलं जातं. पहिल्या रिस्टार्टनंतर ते प्रथमच स्वतःच्या पायावर सुरू होतं, मशीनमध्ये काय काय जोडलंय ते चाचपतं आणि ते चालवणारे ड्रायव्हर बसवतं. रिस्टार्ट पुन्हापुन्हा होतात ते यामुळे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

घाबरायचं ते पार्टिशनच्या पडद्यावर. तिथे सी, डी अशी अक्षरं नसतात. ‘डिस्क ०, पार्टिशन ३’ असं लिहिलेलं असतं आणि ओळखायला बहुतेक वेळा आकारच असतो. म्हणून आधी प्रत्येक ड्राइव्हचा आकार टिपून ठेवावा. मशीनमध्ये दुसरी डिस्क असेल तर तिची केबलच काढून ठेवावी, हा उत्तम उपाय. सुमारे १०० एमबीचा एक कप्पा दिसतो, त्यात बूटलोडर राहतो. काही वेळा डिस्कच दिसत नाही; नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये ती व्हीएमडी नावाच्या थरामागे असते आणि त्याचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून पेनड्राइव्हवर घ्यावा लागतो. तिथेच वायफायचाही घेऊन ठेवा, कारण विंडोज ११ बसताना इंटरनेट मागतं आणि इंटरनेटला वायफायचा ड्रायव्हर लागतो. ‘या डिस्कवर एमबीआर तक्ता आहे’ अशी तक्रार आली तर त्या डिस्कवरची पार्टिशनांची यादी जुन्या पद्धतीची समजायची. एमबीआरमध्ये सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत मावतो. ५१२ बाइटच्या सेक्टरने गुणलं की २.२ टीबी, त्यापलीकडे त्याला दिसत नाही, आणि मुख्य पार्टिशनं चारच. जीपीटी या नव्या तक्त्यात विंडोज १२८ पार्टिशनं करू देतं. पण इन्स्टॉलरमध्ये तक्ता बदलायचा तर अख्खी डिस्क कोरी करावी लागते, म्हणजे डी सुद्धा.

फॉरमॅट न करता जुन्यावरच नवं बसवलं तर जुनं विंडोज, प्रोग्राम आणि ‘यूजर्स’ फोल्डर ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरात सरकतं. विसरलेली फाइल तिथे मिळते, पण साधारण १० दिवसांनी विंडोज ते स्वतःच साफ करतं.

राहिला मुहूर्त. दर महिन्याला जीएसटीची रिटर्नं भरणाऱ्यांना ३बी हे रिटर्न २० तारखेपर्यंत भरायचं असतं, आर-१ हे ११ पर्यंत. नवं विंडोज बसल्यावर प्रिंटर, डिजिटल सहीचा टोकन, बँकेची साइट हे सगळं पुन्हा सुरळीत व्हायला दोन दिवस सहज जातात, आणि टोकनचा ड्रायव्हर नेमका तेव्हाच रुसतो. त्यामुळे २१ तारखेनंतर कधीही. एसएसडी नवी घातली असेल तर काढलेली हार्डडिस्क पुढची दोन रिटर्नं भरून होईपर्यंत पुसू नका. वर तारखेची चिठ्ठी चिकटवा, नाहीतर पोरगं सिनेमे भरायला घेऊन जातं.