ह्यूगो पुरस्कारासाठी नागपुरातून नामांकन आणि मतदान: पात्रता, कागदपत्रं, मुदत

धरमपेठेत महिन्यातल्या एका रविवारी आम्ही आठ-दहा जण विज्ञानकथांवर भांडायला जमतो. डिसेंबरच्या बैठकीत आवाज जिन्यापर्यंत जातो, कारण वर्षातली सगळ्यात सरस कादंबरी कोणती, कथा कोणती, यावर तेव्हा कोणीच माघार घेत नाही. गेल्या खेपेला कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं, "पण काका, आपण इथं बोलून काय होणार? ठरवणारे तिकडे ठरवतातच ना?"

ह्यूगो या विज्ञानकथांच्या पुरस्काराच्या बाबतीत ठरवणारे वाचकच असतात. 1953 साली सुरू झालेल्या या पुरस्काराला परीक्षक मंडळ नाही. वर्ल्डकॉन या जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद नावं सुचवतात आणि मतंही तेच देतात. नेब्युला या विज्ञानकथांच्याच दुसऱ्या पुरस्काराचं तसं नाही. तिथं लेखकांच्या संघटनेचे सभासद मत देतात, म्हणून ही माहिती फक्त ह्यूगोची.

सभासद व्हायला देशाची, शिक्षणाची किंवा स्वतः लेखक असण्याची अट नाही. संमेलनाला जावंही लागत नाही. प्रत्यक्ष हजेरीचे पैसे वेगळे असतात. आपल्याला हवं ते नुसतं मताधिकाराचं सभासदत्व, जे वर्ल्डकॉनच्या नियमांत डब्ल्यूएसएफएस (वर्ल्ड सायन्स फिक्शन सोसायटी) सभासदत्व म्हणून ओळखलं जातं. 2025 च्या सिएटल संमेलनासाठी ते 50 डॉलरला होतं. 2026 चं संमेलन कॅलिफोर्नियात अनाहाइमला, 27 ते 31 ऑगस्ट. रक्कम कमी नाही, हे मान्य. पण तेवढ्यात नागपूरच्या वाचकाचं मत लंडनच्या वाचकाइतकंच मोजलं जातं.

तारीख मात्र पक्की लक्षात ठेवा. नामांकन करायचं तर 31 जानेवारीपर्यंत सभासद झालेलं असावं लागतं. आदल्या वर्षीच्या संमेलनाचे सभासदही नामांकन करू शकतात, अंतिम मतदान मात्र फक्त चालू वर्षाच्या सभासदांचं. जानेवारीनंतर आलेल्याला मत देता येतं, नाव सुचवता येत नाही.

कागदपत्रं म्हटलं की आपल्याकडे आधी आधारची झेरॉक्स आठवते. इथं आधार, पॅन, फोटो काही लागत नाही. नाव, पत्ता, चालू ईमेल आणि परदेशी व्यवहार सुरू असलेलं कार्ड एवढं पुरतं. या कार्डापाशीच मी अडकलो होतो. 31 जानेवारीच्या रात्री पैसे भरायला बसलो आणि कार्ड दोनदा नाकारलं गेलं. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नवी कार्डं परदेशी व्यवहार बंद ठेवूनच दिली जातात. बँकेच्या ॲपमध्ये ती सोय आपणच सुरू करायची असते. मला ते कळेपर्यंत वेळ निघून गेली होती. त्या वर्षी मी फक्त मत दिलं. जी कथा सुचवायला वर्षभर जपून ठेवली होती, तिचं नाव यादीत आलं नाही. म्हणून सांगतो, डिसेंबरातच ॲप उघडून बघा.

सभासदत्व प्रत्येकाने स्वतःच्या खऱ्या नावाने, स्वतःच्या ईमेलवरून आणि स्वतःच्या पैशाने घ्यावं. 2024 च्या ग्लासगो संमेलनात संशयास्पद ठरलेली 377 मतं बाद केली गेली. मताचा हक्क हाडामांसाच्या माणसालाच आहे, संस्थेला किंवा वाचक मंडळाला नाही.

आता कोणतं लेखन चालतं ते. आदल्या वर्षी 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या काळात प्रसिद्ध झालेलं. 7,500 शब्दांच्या आतली ती लघुकथा, 40,000 च्या पुढची ती कादंबरी. मधल्या लांबीचे दोन विभाग आहेत आणि त्यांची सीमा 17,500 शब्दांवर. इंग्रजीचीच अट नाही, आणि मराठी वाचकांनी हे नीट ऐकावं. मूळ भाषेत प्रसिद्ध झालेलं लेखन त्या वर्षी पात्र असतंच, शिवाय पहिला इंग्रजी अनुवाद येतो त्या वर्षीही पुन्हा पात्र ठरतं. लिऊ त्सिशिन यांची चिनी कादंबरी 2008 साली पुस्तकरूपात आली, 2014 मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद आला आणि 2015 चा ह्यूगो तिने मिळवला. मराठी दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथांचे अनुवाद व्हावेत असं मला वाटतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

अर्जात एका विभागात पाचपर्यंत नावं देता येतात. मुदत संपेपर्यंत ती बदलताही येतात. मोजणीची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक विभागात तुमच्या हातात एकच गुण असतो. चार नावं लिहिली तर प्रत्येकाला पाव. त्यातलं एक गळालं की उरलेल्या तिघांना प्रत्येकी एक तृतीयांश. असं गाळत गाळत सहा नावं उरतात, तीच अंतिम मतदानाची यादी. आमच्या मंडळाने ठरवून तीच पाच नावं लिहिली तर आमचे गुण त्या पाचांत विखुरतील. गठ्ठा मतांचा जोर मोडण्यासाठी 2017 पासून ही पद्धत आहे. तेव्हा जे वाचलं आणि मनापासून आवडलं, तेच लिहावं. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती, ती नावाने नव्हे, कथेने ठरावी म्हणून. पहिला क्रमांक त्यांनाच मिळाला.

अंतिम मतदानात पसंतीक्रम लावायचा असतो. त्यात 'पुरस्कार नको' हाही एक पर्याय असतो आणि लोक तो खरंच वापरतात. 2015 मध्ये पाच विभागांत तोच जिंकला. बहुतेक वर्षी सभासदांना यादीतलं बरंचसं साहित्य वाचायला पाठवतात. ती फायलींची पोतडी आली की आमची उन्हाळ्याची सोय होते. मे महिन्याच्या दुपारी नागपुरात कूलरसमोर बसून दुसरं करणार तरी काय?

घड्याळाचंही एक बघा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्री 11 वाजून 59 मिनिटांना मुदत संपत असेल, तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारचे 12 वाजून 29 मिनिटं झालेले असतात.

पैसे भरणं जमत नसेल त्यांच्यासाठी लोकस या विज्ञानकथांच्या मासिकाच्या पुरस्काराचं मतदान आहे. ते सगळ्यांना खुलं आणि विनाशुल्क असतं, फक्त त्या मासिकाच्या वर्गणीदारांचं मत दुप्पट धरतात. त्या कॉलेजच्या मुलीने तिथूनच सुरुवात केली. डिसेंबरपासून तिच्या वहीत प्रत्येक कथेपुढे प्रसिद्धीची तारीख आणि शब्दसंख्या लिहिलेली असते.