भाकरीचा तवा आणि उष्णतेचा हिशेब

स्वयंपाकाच्या भांड्यांना ज्वारीच्या भाकरीइतका कडक परीक्षक मिळणे कठीण आहे. गव्हाच्या पिठात पाणी घातले की ग्लूटेन नावाचे प्रथिनांचे लवचिक जाळे तयार होते आणि पोळी करणाऱ्याच्या बऱ्याच चुका ते पोटात घालते. ज्वारीत हे जाळे नसते. पीठ धरून ठेवण्याचे काम तिथे स्टार्चला करावे लागते आणि 70 अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी शोषून फुगल्याशिवाय स्टार्चचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. मराठवाड्यात पीठ कढत पाण्यात मळतात आणि विरी म्हणजे चिकटपणा गेलेल्या जुन्या पिठाची तर आधी उकड काढतात, त्याचे कारण हेच. शाळूचे पीठ ताजे असले, हात सरावलेला असला, तरी पुढची बाजू तव्यालाच सांभाळावी लागते.

भाकरी तव्यात पडली की वरून पाण्याचा हात फिरवला जातो. खालून उष्णता वर चढेपर्यंत हे पाणी वरचा थर कोरडा पडू देत नाही आणि त्या ओल्या थरातला स्टार्च शिजून त्याचा सलग पापुद्रा बनतो. पाणी आटत आले की भाकरी उलटतात आणि दुसरी बाजू भाजल्यावर ती थेट विस्तवावर धरतात. आतल्या पाण्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ साधारण 1.7 लिटर जागा मागते, त्यामुळे पापुद्रा अखंड असेल तर पदर सुटून भाकरी टम्म फुगते आणि एखादी चीर राहिली असेल तर वाफ तिथूनच निसटते.

आता यासाठी लागणाऱ्या उष्णतेचा हिशेब मांडून पाहू. सुमारे 120 ग्रॅमच्या भाकरीत निम्मे पाणी धरले, तर तिला उकळबिंदूपर्यंत नेऊन त्यातील चार-पाच ग्रॅम पाण्याची वाफ करण्यासाठी ढोबळमानाने 30 किलोज्यूल उष्णता लागते. त्यातील मोठा वाटा पहिल्या काही क्षणांतच ओढला जातो आणि तेवढ्या वेळात खालचा जाळ तो पुरवू शकत नाही, म्हणून तवा आपल्या साठ्यातून देतो. ही सगळी उष्णता तव्यातूनच निघाली असे मानले, तर 2 किलो वजनाच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तव्याचे तापमान तीसेक अंशांनी उतरेल, मात्र 400 ग्रॅमच्या पातळ अॅल्युमिनियमच्या तव्याचे 80 अंशांहून अधिक उतरेल. प्रत्यक्षात जाळ चालू असल्याने घट कमी होते, पण दोघांमधला फरक राहतोच. थंडावलेल्या तव्यावर भाकरी भाजली जाण्याआधी वाळते, कडक होते आणि चिरते. वास्तविक ग्रॅमला ग्रॅम तोलले तर अॅल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट उष्णता साठवते. बीड जिंकते ते निव्वळ वजनावर, आणि म्हणून तवा घेताना त्याची चकाकी पाहण्याऐवजी तो हातात तोलून पाहावा, असे माझे मत आहे.

लातूरच्या गंजगोलाईत किंवा एखाद्या आठवडी बाजारात असा तवा घेताना तो उलथण्याने वाजवूनही पाहावा. बिडात 2 ते 4 टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते वितळवून साच्यात ओतायला सोपे जाते, पण त्याच कारणाने ठिसूळही होते. अखंड तव्याचा आवाज खणखणीत येतो आणि डोळ्यांना न दिसणारी चीर असली तर तो बद्द वाजतो. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतू नये, तेही याच ठिसूळपणामुळे. घिसाड्याने ठोकून केलेला लोखंडी तवा हलका असतो, मात्र तो फुटत नाही आणि लवकर तापतो. पाहुणे अचानक आले तर मला तोच सोयीचा वाटतो.

नव्या तव्याला तेल पाजून काळा करतात, त्यामागचे रसायनशास्त्र रंगाच्या डब्यातले आहे. ज्या तेलांत बहुअसंतृप्त मेदाम्ले जास्त असतात, ती तेले हवेतील ऑक्सिजन घेतात आणि त्यांचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन कडक, न विरघळणारा थर बनतो. जवसाचे तेल तैलरंगांत वापरतात ते याच गुणासाठी. आपल्याकडच्या करडईच्या तेलातही लिनोलेइक या अशाच बहुअसंतृप्त मेदाम्लाचे प्रमाण साधारण 75 टक्के असते, त्यामुळे तवा तयार करण्यासाठी ते शेंगदाण्याच्या तेलापेक्षा सरस ठरते. अट एवढीच की, तेलाचा हात लावून ते फडक्याने जवळजवळ पुसून काढावे आणि मग धूर निघेपर्यंत तवा तापवावा. थर जाड राहिला तर तो कडक न होता चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. हाच क्रम काही वेळा केला की तवा गुळगुळीत काळा होतो. तो थर जपायचा असेल तर चिंचेचा कोळ किंवा अंबाडीची भाजी त्यापासून दूर ठेवावी. आंबट पदार्थ थर खातात, लोखंड विरघळवतात आणि भाजी काळी पडते. पोटात जाणारे थोडे लोखंड अपायकारक नाही, उलट ज्यांच्या आहारात ते कमी आहे त्यांना उपयोगीच पडते. चव मात्र बिघडते.

तव्यावर पाणी शिंपडून ताव ओळखण्याची रीत घरोघरी आहे. थेंब चुरचुरत लगेच उडून गेला तर तवा तयार आहे असे समजतात. त्याऐवजी थेंबाची गोळी होऊन ती तव्यावर नाचू लागली, तर खालच्या वाफेच्या पातळ थरावर तो थेंब तरंगत असतो आणि तवा गरजेपेक्षा जास्त तापलेला असतो. जर्मन वैद्य लायडनफ्रॉस्ट यांनी 1756 मध्ये तापलेल्या लोखंडी चमच्यावर हेच पाहिले होते.

नॉनस्टिक तव्याला ही परीक्षा घेऊच नये. त्यावरील टेफ्लॉनचा शोध अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांना 1938 मध्ये योगायोगाने लागला. तो थर साधारण 260 अंशांपर्यंतच सुरक्षित मानला जातो आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच ती मर्यादा ओलांडतो. धिरडे, आंबोळी यांसाठी तो ठीक आहे.

स्टीलची गोष्ट वेगळी आहे. त्यातील क्रोमियम हवेशी संयोग पावून अत्यंत पातळ संरक्षक थर बनवते, म्हणून स्टील गंजत नाही आणि चिंचेलाही दाद देत नाही. पण उष्णता वाहून नेण्यात ते फार मागे आहे. बीड त्याच्या तिप्पट, अॅल्युमिनियम सुमारे पंधरापट आणि तांबे पंचवीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहते. पातळ स्टीलच्या पातेल्यात जिथे ज्योत लागते तिथेच दूध करपते, कारण ती उष्णता बाजूला पसरत नाही. दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा दाबून केलेली तीन पदरी कढई हा दोष दूर करते आणि पैसे खर्च करायचे तर ते इथे करावेत. फक्त तो पत्रा काठापर्यंत आहे की नुसता बुडाला चिकटवलेला आहे, हे विचारून घ्यावे. बुडापुरताच असला तर पिठले कडेने लागते.

पितळेच्या जुन्या पातेल्यांना कल्हई करून घेतली तर ती आजही उत्तम आहेत. कल्हईचे कथील 232 अंशांना वितळते, म्हणून ती रिकामी गॅसवर ठेवू नयेत.

राहिला कुकर. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच असल्यामुळे तिथे पाणी 98 अंशांच्या सुमारास उकळते, तर कुकरमध्ये दाबामुळे ते 120 अंशांच्या जवळ जाते. त्यामुळेच तूर तासाऐवजी मिनिटांत शिजते. एवढे करूनही डाळ टणक राहिली, तर दोष बहुधा बोअरच्या पाण्याचा असतो. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट बांधतात. आंबटपणाही पेक्टिन सुटू देत नाही, म्हणून आमटीत चिंच घालायची ती डाळ पूर्ण मऊ झाल्यावर. डाळ शिजवण्यापुरते पिण्याचे गोडे पाणी वापरले, तर शिट्ट्याही कमी लागतात.