काळी मखमल, निळे डोळे

जुन्या कृष्णधवल फोटोत आजीचं लाल कुंकू काजळासारखं काळं दिसतं, त्यात फोटोग्राफरचा दोष नसतो. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग कळतच नसे आणि निळा मात्र भलताच कळे. लालाचं काळं, निळ्याचं पांढरं. हॉलिवूडचे मूकपट बहुतांशी याच फिल्मवर निघत. निळ्या आकाशातले ढग त्यात हरवून जात, आणि निळ्या डोळ्यांच्या नट्या पडद्यावर चक्क आंधळ्या वाटत. जेम्स वाँग हाऊ या कॅमेरामनचं नाव झालं ते फिल्मच्या या खोडीमुळे.

हाऊ १८९९चा, जन्म चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला. पाच वर्षांचा असताना अमेरिकेत आला. वडिलांचं वॉशिंग्टन राज्यात पास्को इथे दुकान होतं. पोरवयात बॉक्सिंग करून झालं, मग लॉस एंजेलिसच्या लास्की स्टुडिओत कॅमेऱ्यांच्या खोलीची झाडलोट. तिथून दिग्दर्शक सेसिल बी. डमिलच्या सेटवर क्लॅपची पाटी धरण्यापर्यंत मजल गेली. वरकमाई म्हणून तो नटनट्यांचे फोटो काढून द्यायचा.

मेरी माइल्स मिंटरचे काढले, तर तिचे निळे डोळे चांगले गडद उमटले. सिनेमात असं जमेल का, तिने विचारलं. गडी हो म्हणून बसला आणि मग कोड्यात पडला, कारण हे जमलं कसं ते त्यालाच ठाऊक नव्हतं. शोधता शोधता लक्षात आलं की फोटोच्या वेळी तिची नजर काळ्या मखमलीकडे होती. तोच काळोख बुबुळांत उतरला होता. मग त्याने कॅमेऱ्याभोवती काळी मखमल ताणली, लेन्सपुरतं भोक ठेवलं आणि १९२३च्या ‘ड्रम्स ऑफ फेट’साठी तिला तसंच टिपलं. मिंटरबाईंनी खास चिनी कॅमेरामन आणवलाय, तो मखमलीआड लपून चित्रण करतो, अशी आवई उठली म्हणे. निळ्या डोळ्यांच्या इतर नट्याही त्याला मागू लागल्या.

विसाचं दशक सरता सरता सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली आणि मखमलीची गरज संपली. त्यातच हाऊ चीनला चित्रणासाठी गेला असताना इकडे बोलपट आले. परतल्यावर काम मिळेना. बोलपटाचा अनुभव नाही, हे कारण. १९३१च्या ‘ट्रान्सअटलांटिक’ने तो पुन्हा उभा राहिला. रुंद लेन्स, सेटला छत, जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्पष्ट. या करामतीचं सगळं श्रेय दहा वर्षांनंतरच्या ‘सिटिझन केन’ला देऊन टाकणाऱ्यांनी हा सिनेमा जरूर पाहावा.

चिनी असल्याने १९४३पर्यंत त्याला अमेरिकेचं नागरिकत्व मिळणं शक्य नव्हतं. लेखिका सनोरा बॅबशी त्याने १९३७ साली पॅरिसमध्ये लग्न केलं, पण ती गोरी, आणि गोऱ्या-आशियाई लग्नांना बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा ते मानत नव्हता. हा कायदा १९४८ साली रद्द झाला.

त्याच्या आदल्या वर्षी ‘बॉडी अँड सोल’ आला. त्यातल्या मुष्टियुद्धासाठी हाऊ पायांत चाकांचे स्केट्स बांधून, कॅमेरा हातात धरून रिंगणात उतरला. त्याला मागून ढकलायला एक माणूस होता. ठोसा कुठून येतो, हे त्याला वेगळं शिकवावं लागलं नसणार.