पंचमहासरोवरांच्या तळाशी टिकलेली लाकडी जहाजे

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांवर मोठ्या जहाजांचे बुडणे 1679 पासून सुरू झाले. फ्रेंच प्रवासी ला साल याने नायगारा नदीकाठी बांधून घेतलेले ‘ल ग्रिफाँ’ हे जहाज त्या सप्टेंबरमध्ये फरचा माल घेऊन मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे या उपसागरातून निघाले आणि परत आले नाही. खरी वर्दळ मात्र 1825 मध्ये ईरी कालवा खुला झाल्यावर वाढली. पश्चिमेकडे वस्तीला निघालेली कुटुंबे आणि पूर्वेकडे जाणारे धान्य व लाकूड यांची वाहतूक शिडाच्या स्कूनरांवर आणि लाकडी आगबोटींवर होऊ लागली.

आगबोटींना आगीचे भय मोठे होते; 1847 च्या नोव्हेंबरमध्ये मिशिगन सरोवराकाठच्या शेबॉयगनजवळ ‘फिनिक्स’ जळाली, तेव्हा मरण पावलेल्यांत बहुतेक डच स्थलांतरित होते. 8 सप्टेंबर 1860 च्या पहाटे मिशिगन सरोवरात ‘ऑगस्टा’ या स्कूनरने ‘लेडी एल्गिन’ या प्रवासी आगबोटीला धडक दिली. आपलेच जहाज बुडेल या भीतीने ‘ऑगस्टा’ शिकागोकडे निघून गेली आणि सुमारे 300 माणसे दगावली. त्यांत मिलवॉकीचे आयरिश रहिवासी बरेच होते. सर्वांत क्लेशदायक बाब अशी की, फुटलेल्या डेकच्या तुकड्यांवर तरंगत किनारा दिसेपर्यंत पोहोचलेले कित्येक जण तिथल्या फुटणाऱ्या लाटांत बुडाले.

अशी बुडालेली लाकडी जहाजे तळाशी आजही बरीच शाबूत आहेत आणि त्याचे कारण पाण्यात आहे. समुद्रातले लाकूड पोखरणारा जहाजकिडा गोड्या पाण्यात जगत नाही, आणि खोल पाणी वर्षभर थंड असल्याने कुजण्याची क्रियाही मंदावते. मात्र हे लाकूड पाण्यात आहे तोवरच सुरक्षित असते, हे ‘अल्विन क्लार्क’च्या उदाहरणाने दाखवून दिले. 1864 मध्ये ग्रीन बेमध्ये बुडालेली ही स्कूनर गोताखोरांनी 1969 मध्ये वर काढली. आतले पाणी उपसल्यावर ती स्वतःच्या बळावर तरंगली, यावरून तिच्या बांधणीची कल्पना यावी. पुढे जतनासाठी पुरेसा पैसा उभा राहिला नाही, हवेत लाकूड कुजत गेले आणि 1994 मध्ये ती मोडून टाकावी लागली. शंभराहून अधिक वर्षे सरोवराने सांभाळलेले जहाज माणसांच्या हाती पंचवीस वर्षेच टिकले, ही हानी भरून येणारी नाही.

त्यानंतर जहाजे जागच्या जागी जपण्याकडे कल वाढला. 1988 मध्ये अमेरिकेत संमत झालेल्या कायद्याने किनाऱ्यालगतच्या बेवारस जहाजांची मालकी त्या त्या राज्याकडे सोपवली आणि 2000 मध्ये ह्यूरॉन सरोवरातील थंडर बे हे राष्ट्रीय सागरी अभयारण्य घोषित झाले.

आता धोका आहे तो क्वागा शिंपल्यांचा. परदेशी जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखण्यासाठी जहाजात भरलेल्या पाण्यातून) 1980 च्या दशकाच्या अखेरीस आलेले हे शिंपले फळ्यांवर थरावर थर चढवतात, कोरीवकाम व नावे झाकून टाकतात आणि लोखंडी खिळ्यांच्या गंजण्याला हातभार लावतात. कॅल्शियम कमी असल्याने सुपीरियर सरोवरात त्यांची वाढ फारशी होत नाही. मिशिगन, ह्यूरॉन, ईरी आणि ऑन्टारिओच्या तळावरील जहाजांची छायाचित्रे व मोजमापे मात्र विनाविलंब घेतली गेली पाहिजेत.